पाहुण्या पाण्याची नाडी

ऊर्मीला यातून काय मिळणार होतं, ते आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर तिला उगाच कुणी थोर समजेल. वर्षभर एकही आठवडा न चुकवता खाडीचं पाणी मोजणाऱ्या मुलांना संशोधन-जहाजावर आठ दिवस नेत. ऊर्मीचं वर्ष भरायला तीन आठवडे उरले होते आणि तिची पिशवी भरूनसुद्धा झाली होती.

तिच्या वेळसर गावाचं नदीमुख (नदीचं गोडं पाणी नि समुद्राचं खारं पाणी मिसळतं ती जागा) मोजणीच्या नकाशावर वर्षभर हिरवं होतं. हिरवं म्हणजे निरोगी. आणि तरी तिथल्या तिसऱ्या (चिखलात राहणारे खायचे शिंपले) मरत होत्या.

तिसऱ्या वेचून विकणाऱ्या शेवंतीआत्याने टोपली ऊर्मीपुढे उपडी केली. शिंपले आ वासून पडलेले, वास सुटलेला. "काय गो, तुझं पाणी ठणठणीत, मग ह्या कशान मेल्या? माझी नजर लागून?"

"आकडे खरे आहेत, आत्या."

"असतील. मग आज आकडेच शिजवूया."

ऊर्मी धक्क्यावर गेली. तिथे खेकडोबा उन्हात बॅटरी भरत बसला होता. हा सहा पायांचा मोजणी-यंत्रमानव. दोन पाय गंजलेले, आणि बोलायला वीज लागते हे तो कुणाला विसरू देत नसे.

"तुझा संवेदक (मोजणारा अवयव) बिघडलाय का रे?"

"बिघडला असता तर सुट्टी मिळाली असती. आपण पाणी कधी मोजतो?"

"दर शनिवारी, भरतीला."

भरतीची वेळ रोज पाऊणएक तास पुढे सरकते. वेळसरकर तिथीवरून ती तोंडपाठ सांगतात, आणि पाणी मोजणारे स्वयंसेवकही तिच्यामागे इमानाने सरकत. कारण साधं होतं. भरतीला होडी थेट धक्क्याला लागते, कुणाचे पाय चिखलात जात नाहीत.

"भरतीला खाडीत कुणाचं पाणी असतं?" खेकडोबाने विचारलं.

"समुद्राचं."

"म्हणजे पाहुण्याचं. वर्षभर आपण पाहुण्याची नाडी बघून घरच्यांना निरोगी ठरवतोय."

"मग आधी का नाही बोललास?"

"मला मोजायला सांगितलं होतं. विचार करायला कुणी सांगितलं नाही. त्याला वीज जास्त जाते."

ओहोटी लागल्यावर आत्यालाही बोलावून तिघं खाली उतरली. ऊर्मी गुडघाभर चिखलात, आत्या तिचा दंड धरून. विद्राव्य प्राणवायू (पाण्यात विरघळलेला, मासे नि शिंपले श्वासात घेतात तो) भरतीला लिटरमागे सहा मिलिग्रॅम असायचा. आता दोनसुद्धा नव्हता.

"गेला कुठे?"

खेकडोबाने एक पाय उचलून कोळंबी सोलायच्या शेडकडे दाखवला. शेडचं धुवण नळातून सरळ खाडीत पडत होतं. "ते धुवण जिवाणू (डोळ्यांना न दिसणारे सूक्ष्म जीव) खातात. खाताना त्यांनाही प्राणवायू लागतो. भरतीचं ताजं पाणी तो भरून काढतं. ओहोटीला पाणी थोडं उरतं, घाण तेवढीच. मासा पळतो. तिसरी तोंड मिटून वाट बघते. एकदोन ओहोट्या निभावते, रोजच्या नाही."



"हे कळवलं, तर वर्षभराच्या नोंदी अर्धवट ठरतील," खेकडोबा म्हणाला. "मोजणी पुन्हा पहिल्यापासून. आणि ते जहाज..."

"माहितीये."

"तीन आठवडे थांबलीस तरी मी बोलणार नाही. वीज वाचेल."

आत्या वाकून जिवंत तिसऱ्या चाचपत होती. ओंजळही भरत नव्हती.

"तीन आठवड्यांनी यातल्या किती उरतील?" ऊर्मीने विचारलं.

"हे विचारायलाच नको होतंस," खेकडोबा म्हणाला.

"कळव मग," ती थकून म्हणाली आणि चिखलात रुतलेली चप्पल शोधू लागली.

शेडवाल्यांनी बरीच कुरकुर करून धुवण गाळायचे खड्डे खणले. तो हंगाम आत्याने त्याच शेडमध्ये कोळंबी सोलत काढला. स्वयंसेवक आता भरतीलाही मोजतात नि ओहोटीलाही, आणि पाय धुता धुता एकमेकांवर चिडतात. खेकडोबाचा तिसरा पाय गंजला.

पावसाळ्यानंतरच्या एका ओहोटीला चिखलात तांदळाएवढी तिसऱ्यांची पिल्लं दिसली. खाडीच्या तोंडाबाहेरून ते संशोधन-जहाज चाललं होतं.

"आकडा वाच," प्राणवायू मोजून खेकडोबा म्हणाला.

"चार." ऊर्मीने मान वर केली नाही.

"वाढतोय."

तर हिशेब असा: आधी तिसऱ्यांनी मोल भरलं, मग आत्याने, मग ऊर्मीने, आणि शेडने सगळ्यांत शेवटी. पाहुणं पाणी तेवढं फुकट आलं नि फुकट गेलं.