तुळशीसारखं पाणी

स्वरांगीची तेवीसच्या तेवीस रोपं बुडातून कुजली होती. आणि तीही सोलापुरात, जिथे उन्हाने माणसंसुद्धा वाळतात!

सोसायटीमागचा तो उघडा, तापलेला तुकडा तिने हट्टाने मागून घेतला होता. सेक्रेटरी बिराजदारकाकांनी तेव्हाच बजावलं होतं, "दोन महिन्यांत हिरवं दिसलं तर ठीक, नाहीतर पेव्हर ब्लॉक." त्यातला एक महिना गेला होता.

"पाणी तर रोज घालतोय!" ती रडकुंडीला आली.

"रोज सकाळी प्रत्येकी एक तांब्या, तुळशीसारखं. तूच शिकवलंस," बागेचा रोबो टिल्लू म्हणाला.

वनस्पतिशास्त्रज्ञ रोहिणीआत्याने कपाळावर हात मारला. "अगं बाई, ही काय तुळस आहे? लाडाने मारलीस की बिचाऱ्यांना!"

तिने चिनी गुलाबाचं पान चिरडलं. बोट ओलं झालं. "या मांसल वनस्पती (जाड पानाखोडांत पाणी साठवणाऱ्या). पाण्याची टाकी यांच्या अंगातच असते. शिवाय पानांना पर्णरंध्रं असतात (हवा आतबाहेर जाण्याची बारीक छिद्रं). बहुतेक झाडं ती दिवसा उघडतात, मग पाण्याची वाफही निसटते. यांतली बरीचशी रोपं पाणी कमी पडलं की ती रात्री उघडतात, कार्बन डायऑक्साइड साठवतात आणि दिवसा दारं लावून त्याचं अन्न करतात."

"मग मुळं का कुजली?"

"मुळांनाही श्वास घ्यायचा असतो. चिखलात हवा कुठली?"

शेंडे अजून टवटवीत होते. दोघींनी ते कापले, कापलेली टोकं दोन दिवस सावलीत सुकवली आणि मातीत बारीक खडी मिसळून खोचले. टिल्लूला नवा नियम मिळाला: पानं सुरकुतली, तरच पाणी. स्वरांगीचा जीव रोज वरखाली व्हायचा, पण तिने हात आवरला.

मुदतीच्या दिवशी काका हजर. "निम्माच हिरवा झालाय."

"उघडी माती अठ्ठावन्न अंश, पानांखाली एकेचाळीस," टिल्लूने मोजून सांगितलं.

काकांनी वाकून दोन्हीकडे हात लावून पाहिला. "बरं, हा निम्मा तुझा. उरलेल्यावर मात्र ब्लॉक बसणार."

स्वरांगीला वाईट वाटलं, पण ती गप्प बसली नाही. "काका, ब्लॉकांमध्ये दोन बोटं फट ठेवाल? यांना तेवढी पुरते."

"ठेवतो, बाई!" काका हसले.

त्या फटींत शेंडे खोचताना तिने मनाशी ठरवून टाकलं, वर्षभरात एकही ब्लॉक दिसता कामा नये. काकांजवळ मात्र तिने त्याबद्दल अवाक्षरही काढलं नाही.