हिमनदीवरचे चौतीस श्वास

हिमनदी दरवर्षी किती झिजते हे मोजायची दादाची काठी हिवाळ्यात मोडली होती. नवी रोवायला आम्ही तिघं निघालो: दादा, वाटाड्या आणि मी. मी नर्स, म्हणून औषधांची पेटी आणि प्राणवायूची एकुलती एक बाटली माझ्याकडे. यंदाची मोजणी हुकली की दादाची अकरा वर्षांची नोंद तुटणार होती.

पाचव्या दिवशी खिंडीखाली वाऱ्याने अडवलं. भर दुपारी तंबू ठोकून दादा आडवा झाला. माझेही पाय मोडून आले होते, पण डोळा लागेना. तेवढ्यात दादाचा श्वास बदलला. खोल खोल होत गेला, मग उथळ, मग थांबला! मी घड्याळ पाहिलं. बारा सेकंद. मग मोठा सुस्कारा आणि पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला माझा धीर सुटला. मी बाटली उघडून मास्क त्याच्या नाकावर दाबला.

तो दचकून उठला. "काय करतेस?"

"श्वास... थांबत होता... तुझा."

"उंचीवर झोपेत होतं असं. जागेपणी माणूस ठीक असला तर घाबरायचं नाही, हे तूच शिकवलंस ना?" मग तो माझ्याकडे बघत राहिला. "आणि तू अशी तुटक का बोलतेस?"

गेला तासभर मी नुसती बसून होते, तरी मला धाप लागली होती. वाटाड्याने घड्याळ धरलं, दादाने माझ्या पाठीला कान लावून श्वास मोजले. मिनिटाला चौतीस.

"आत बुडबुडे वाजताहेत," तो म्हणाला.

खोकला सकाळपासून होता. मी तो थंडीवर ढकलला होता. फुप्फुसात पाणी! बसल्या जागी धाप लागली की ताबडतोब खाली उतरायचं, हे मीच दर मोहिमेत सगळ्यांना बजावते.

"काठी रोवून या आधी. दोन तासांचं काम. मी थांबते."

"गप बस. बोलू नकोस."

मास्क माझ्या तोंडावर आला. चालायला मनाई, कारण श्रमाने पाणी वाढतं. काठी, तंबू, सगळं तिथेच टाकून दोघांनी मला आळीपाळीने पाठुंगळी घेतलं. वाटाड्या कमरेपर्यंत बर्फात रुतला. दादाने त्याला ओढून काढलं. पुन्हा उतार! हजार फूट खाली श्वास अठ्ठावीसवर आले, कुरणाशी पोचलो तेव्हा बावीसवर.

या बर्फापायी दादा घरातल्या एकाही कार्याला वेळेवर आला नव्हता. माझ्या लग्नाला तर आलाच नव्हता. तो राग मी नऊ वर्षं जपला होता. आता त्याच्या घामेजल्या मानेवर गाल टेकून दमून पडले होते आणि तो राग शोधूनही सापडेना. मला रडू फुटलं.

"रडू नकोस," दादा धापा टाकत म्हणाला, "श्वास वाढेल."