नदीची ओटी

भोंगा वाजला तेव्हा माझ्या हातात गणपतीची सोंड होती.

नुसता वाजला नाही, कानाशी येऊन बोंबलला. माझा अंगठा दचकला आणि शाडूची ती ओली सोंड एका बाजूला मुरडली. कोपरापर्यंत माती घेऊन मी तशीच दुकानाबाहेर आले. समोरच्या खांबाला शिडी लावून एक उंच, सडपातळ मुलगा उभा होता. पिवळा रेनकोट, गळ्यात ओळखपत्र, आणि कॉपी करताना पकडल्यासारखा चेहरा.

"चाचणी होती," तो वरूनच म्हणाला. "सॉरी... आवाज जास्त झाला का?"

"छे हो. अजून थोडा वाढवा, म्हणजे खडकीलाही ऐकू जाईल."

"खडकीलाच राहतो मी. रूममेट उठला असेल एव्हाना."

हसू येत होतं, पण मी ते येऊ दिलं नाही. तो खाली उतरला तसं मी त्याचं ओळखपत्र वाचलं. अभिनव काळमेघ, आपत्ती व्यवस्थापन, हंगामी.

"काळमेघ? हे आडनाव आहे की हवामान खात्याचा इशारा?"

"आडनावच आहे. अमरावतीकडचं. ऑफिसात यावरून फार चालतं..." मग त्याचं लक्ष माझ्या मागच्या पाटावरल्या मूर्तीकडे गेलं. "हे माझ्यामुळे झालं?"

"तुमच्या भोंग्यामुळे. असू दे, एका मिनिटात सरळ करते."

"नका करू," तो एकदम म्हणाला. "हा मला द्या. चतुर्थीला न्यायला येतो. चूक माझी, मग ती दुसऱ्याच्या घरी कशाला जाऊ द्यायची?"

त्या रिमझिमीत, गालावर माती लावून, मी वाकड्या सोंडेच्या गणपतीची ऑर्डर घेतली. नंतर मनाशी कितीदा म्हटलं, तनुजा, सरळ करून टाक. केली नाही.

आमची कुंभारांची आळी म्हणजे कसबा पेठेचं मुठा नदीकडचं टोक. खडकवासल्यातून पाणी सोडलं की आधी भिडे पूल बुडतो, मग आमच्या घाटाच्या पायऱ्या, आणि अगदीच मनात आलं तर आमचे उंबरे. हल्ली मनात जास्तच येतं. पाऊस आठवड्याचा एका दुपारी पडतो, आणि नदीची जागा तर आपणच आवळत आणलीय. म्हणून यंदा हा भोंगा. तो वाजला की सगळ्यांनी घरं सोडून वरच्या अंगाला असलेल्या शाळेत जायचं, अशी योजना. कागदावर फार सुरेख होती.

भोंगा तपासायला अभिनव वरचेवर येऊ लागला. मी एकदा विचारलंच, "यंत्र इतकं नाजूक असतं?"

"यंत्र नाही हो. माणूसच जरा..." तो म्हणाला आणि घाटावरच्या पाणीपातळीच्या पट्टीकडे बघत बसला.

मग मेसेज सुरू झाले. 'गुड मॉर्निंग. विसर्ग शून्य.' 'धरण निम्मं भरलं. काळजी नको.' 'आज थोडं सोडतायत. जेवलात का?' बाकीच्यांना गुलाबाची फुलं येतात, मला क्युसेक यायचे. आणि मी मूर्ख, सकाळी डोळे उघडायच्या आधी उशीखालचा फोन चाचपायची.

त्याचं काम पावसाळ्यापुरतं होतं. पाऊस संपला की तो जाणार. आळीतली प्रत्येक बाई आभाळाकडे बघून 'थांब रे बाबा' म्हणायची, आणि मला मात्र ते म्हणताना धस्स व्हायचं.

जुलैच्या शेवटी भोंगा पहिल्यांदा खरा वाजला. अभिनव कर्णा घेऊन आळीच्या तोंडाशी उभा होता. दारं भराभर उघडली. तो खूश झाला. बायका बाहेर पडल्या. चांगली लुगडी, केसात गजरे, हातात ताटं... आणि सगळ्याजणी उतारानं नदीकडे चालू लागल्या.

"वर! अहो मावशी, वर जायचंय! शाळेकडे!"

कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांच्या पुढे माझी गोदाआत्या होती. ती लवकर विधवा झाली, तेव्हापासून आमच्याकडेच असते, आणि आळीतलं कुठलंही देवकार्य तिच्याशिवाय होत नाही.

"या कुठे निघाल्या?" अभिनव माझ्याकडे धावत आला. भेदरला की त्याची भाषा घरी पळायची. "मले सांगा जी, या काऊन खाली जाऊन राहिल्या?"

"ओटी भरायला. मुठाई वर आली की ती आमची माहेरवाशीण. खण, नारळ, तांदूळ घेतले की समाधानानं परत जाते. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं तिला?"

"म्हणजे आम्ही भोंगा वाजवला पळायला..."

"...आणि आळीला मुहूर्त कळला. आधी घाटावर नजर ठेवावी लागायची. यंदा फार सोय झाली म्हणत होती आत्या."

तो हसला नाही. खाली बायका पाण्याला लागून उभ्या होत्या आणि पाणी पायरी पायरीनं चढत होतं. त्या वर येईपर्यंत अभिनवनं कर्णा दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवला होता.

त्या दिवशी पाणी उंबऱ्याशी येऊन फिरलं. आत्या म्हणाली, बघ, ऐकते ती.

दुसऱ्या दिवशी अभिनव दुकानाच्या पायरीवर बसला होता. चहा निवून गेला तरी त्याचं लक्ष नव्हतं.

"वरून ठरलंय. पुढच्या वेळी घाटावर बॅरिकेड आणि पोलीस."

"छान. मग आत्या मागच्या बोळातून जाईल. तिकडे तर पायऱ्याही नाहीत, नुसता गाळ."

"तुम्हाला चेष्टा सुचते." त्याचा आवाज उतरला. "आमच्या गावच्या नाल्याला पाणी आलं, तेव्हा सगळे सुटले. माझी मावशी तेवढी शेळी सोडायला मागे फिरली. आम्ही समोरच्या बांधावरून बघत होतो... तुम्हाला नाही कळायचं, तनुजा."

त्यानं पहिल्यांदा माझं नाव घेतलं होतं आणि मला त्याचा आनंदही घेता येईना. मातीचा हात मी त्याच्या हातावर ठेवला. त्यानं तो काढला नाही. नंतर त्याच्या मनगटावर माझी चार बोटं वाळत राहिली.

संध्याकाळी मी आत्याला गाठलं. "आत्या, माहेरवाशिणीची ओटी दारात उभं ठेवून भरतात का गं?"

"काहीतरीच. घरात घेऊन पाटावर बसवतात."

"मग मुठाईला घाटावर उभी का ठेवतेस? वर आण की. शाळेत पाट मांड."

"नदी काय कडेवर घेऊन येऊ?"

"घागरीत ये घेऊन."

आत्यानं पदर खोचला. मग म्हणाली, "बघू." आत्याचं बघू म्हणजे नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. मी विषय सोडला. सोडायला नको होता.

ऑगस्टमध्ये तीन दिवस घाटमाथ्यावर पाऊस थांबलाच नाही. शुक्रवारी दुपारी मेसेज आला. त्यात गुड मॉर्निंग नव्हतं, जेवलात का नव्हतं. 'मोठा विसर्ग. आत्ताच निघा.' पाठोपाठ भोंगा वाजला.

मी बाहेर आले तर घाटाच्या तोंडाशी बॅरिकेड, अलीकडे ताटं घेतलेल्या बायका आणि पलीकडे दोन पोलीस. "आम्ही काय चोऱ्या करायला चाललोय का?" शेजारच्या शालूवहिनी ओरडत होत्या. कुणीही शाळेकडे निघायला तयार नव्हतं. अभिनवचा घसा बसला होता. तो मला म्हणाला, "तुमच्या आत्यांनाच सांगा आता. त्यांचंच ऐकतील."

आत्या त्या घोळक्यात नव्हती. घरात नव्हती. बाबा गणपती माळ्यावर चढवत होते, त्यांनाही ठाऊक नव्हतं. आणि मग माझं लक्ष दुकानातल्या फळीवर गेलं. सगळ्यात मोठी घागर जागेवर नव्हती.

मी धावत अभिनवला गाठलं.

"अभिनव... ती मागच्या बोळातून गेलीय. घागर घेऊन. मीच सांगितलं होतं तिला. मुठाईला वर आण म्हणून मीच..."

बांधावरून बघणारा तो मुलगा मला तेव्हा त्याच्या डोळ्यांत दिसला. मग त्यानं कर्णा माझ्या हातात दिला.

"तुम्ही इथं थांबू नका जी. या बायकांना वर न्या. मी आत्याले आणतो."

"मीपण येते."

"नाही ना जी!" तो ओरडला, आणि लगेच हळू आवाजात, "दोघींकडे नाही बघू शकणार मी."

आणि तो बोळात दिसेनासा झाला.

मी कर्णा तोंडाशी धरला. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं. "आत्या मुठाईला घेऊन शाळेत येतेय!" मी म्हणाले. "यंदा ओटी पाटावर. पाट मांडा, रांगोळी काढा, चला!" आयुष्यात इतकं खोटं मी कधी बोलले नव्हते. बायका थबकल्या. शालूवहिनींनी ताटावर पदर ओढला. "अगोबाई, मग आधी सांगायचं नाही का?" म्हणत त्या वळल्या आणि त्यांच्यामागे सगळी आळी वळली. मुलं, म्हातारे, कोंबड्यांची टोपली, सगळं. बाबाही निघाले. जाता जाता मी दुकानातून एकच वस्तू उचलली आणि ओढणीत गुंडाळली.

शाळेच्या सभागृहात पाट मांडला. भोवती तांदळाची रांगोळी निघाली. मी पायरीवर उभी राहून फोन लावत होते. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा संपर्क क्षेत्राच्या बाहेर. खाली आळीत पाणी शिरलेलं दिसत होतं. शालूवहिनींनी दोनदा विचारलं, "कुठवर आल्यात?" मी दोनदा म्हणाले, "पोचतीलच." मनात मुठाईला म्हणत होते, बाई गं, तुला काय हवं ते घे, पण ही दोन माणसं परत दे. मला ती दोन्ही हवीत. एक जन्मापासून हवं आहे, आणि एक... एक भोंगा वाजला तेव्हापासून.

आधी पिवळा रेनकोट दिसला. कमरेपर्यंत चिखल, खांद्यावर घागर. मागे त्याची बाही धरून आत्या, आणि तिचं तोंड चालू.

"हळू! सांडशील! अरे, तिरकी धरू नकोस!"

"नाही सांडत जी आत्या..."

"हा म्हणे, घागर टाका नि हात द्या," आत्या पायरी चढत मला म्हणाली. "म्हटलं, माहेरवाशीण वाटेत टाकून येऊ होय? तू धर, मग येते. धरली बिचाऱ्यानं."

मी आत्याला घट्ट मिठी मारली आणि रडले. तिच्या खांद्यावरून त्याच्याकडे बघत रडले. तो घागर सांभाळत मला डोळ्यांनीच सांगत होता, आलो ना.

मुठाई पाटावर बसली. हळद-कुंकू झालं, खण झाला, नारळ झाला. मग आत्या वळली.

"अगं तनू, मुऱ्हाळ्याला असं उभं ठेवतात होय? लेकीला आणायला जातो त्याचा मान मोठा. टॉवेल दे, चहा दे त्याला."

मी चहा घेऊन गेले. तो खिडकीजवळ बसला होता आणि कठड्यावरची ओढणी थोडी सरकवून पाहत होता. आतून वाकडी सोंड बाहेर आली होती.

"हा...?"

"तुमची ऑर्डर."

"बाकीचे?"

"बाबांनी माळ्यावर ठेवलेत."

"मग हा का नाही ठेवला?"

"भीती वाटली," मी म्हणाले. "तुम्ही आला नसतात तर... माझ्याकडे तुमचं म्हणून एवढंच होतं."

कप त्यानं कठड्यावर ठेवला. चिखलानं माखलेल्या बोटानं त्यानं माझ्या गालावरचं पाणी पुसलं, आणि अर्थातच तिथे चिखल लागला.

"खाली भीती नाही वाटली मला," तो म्हणाला. "तुम्ही वर आहात, एवढंच डोक्यात होतं."

बॅरिकेड दुसऱ्या दिवशी काढून नेलं. सप्टेंबरात भोंगा आणखी एकदा वाजला. त्या वेळी अभिनवनं घागर आधीच भरून आणली होती आणि आळी कुणी न सांगता शाळेत गेली. वाकड्या सोंडेचा गणपती आमच्याच घरी बसला. दहा दिवस आरतीला एक खडकीचा पाहुणा होता. मग विसर्जन झालं, पाऊस ओसरला, आणि माझी जुनी भीती परत आली. आभाळ असं निळं झालं की बघवेना. त्यानं काही विचारलं नव्हतं. मी काही विचारलं नव्हतं. रोजचे मेसेज चालू होते आणि त्यात विसर्ग शून्यच होता.

ऑक्टोबरातल्या एका सकाळी फोन वाजला.

'गुड मॉर्निंग. विसर्ग शून्य. काल माझी मुदत संपली. भोंगा ऑफिसला परत दिला, त्यामुळे तुमच्याकडे यायला आता काही कारण नाही... तरी येऊ?'

मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि आत्याला वाचून दाखवला. तिनं पुढ्यातली विळी बाजूला सारली, फडताळावरून मुठाईला बसवलेला तो पाट काढला, पदरानं पुसला आणि जमिनीवर मांडला.

मी लिहिलं, 'या जी. आत्यानं पाट मांडलाय.'