शेवटचा वाय

आधी पाटी दिसली. माणूस नंतर.

*चेरी’स*

म्हणजे चेरीचं काहीतरी. चेरीचं काय? कोट? कुत्रा? मी गाडी करकचून थांबवली.

"हे काय लिहिलंय?"

"चेरी. गोड आहेत, खाऊन बघा."

"वर तो स्वल्पविराम कशाला?"

टपरीवाल्याने पाटीकडे मान तिरकी करून पाहिलं. बोटं चेरीच्या रसाने लाल. "शोभेला," तो म्हणाला.

शोभेला! आठ वर्षं मी इथल्या साप्ताहिकात मुद्रितं तपासतेय. शोभेला!

"अनेकवचन आहे ते! शेवटचा वाय काढा, आय-ई-एस लावा. दुसरीतली पोरं लिहितात."

"दुसरीत मी खिडकीबाहेर बघत होतो… नाव काय म्हणालात, मास्तरीणबाई?"

म्हणाले नव्हते. "विनिफ्रेड टक."

"वेस्ली डार्बी. बी थुंकायची असेल तर तिकडे."

पुढचा शनिवार.

*पीच’स*

"तुम्ही मुद्दाम चुकता!"

"बरोबर लिहिलं तर थांबाल?"

मी पीच निवडायला लागले. पिशवीभर घेतले. त्याच्या पुढच्या शनिवारीही. कधीतरी 'तुम्ही'चं 'तू' झालं, ते कुणीच दुरुस्त केलं नाही.

ऑगस्टअखेर मी सांगितलं, "शिकागोत नोकरी लागलीय. सोमवारी निघते."

"छान," तो म्हणाला.

छान! दोन महिने याच्या पाट्या सुधारल्या, आणि हा… छान!

सोमवार. सामान भरलेली गाडी. त्याच्या घरासमोरची टपालपेटी, ताजा पांढरा रंग:

*द डार्बीज*

आणि शेवटी… वाय काढून आय-ई-एस!

ब्रेक. दार. "वेस्ली! आडनावाचा वाय काढत नाहीत!"

तो ब्रश घेऊन उभाच होता. "तूच म्हणालीस…"

"चेरीचा! माणसाच्या नावाला हात लावायचा नाही. आहे तसं ठेवायचं, पुढे नुसता एस."

"म्हणजे आणखी कुणी आलं तरी नाव मोडत नाही?"

"नाही मोडत! आणि अनेकवचन कशाला? या घरात तू एकटा—"

तो बुटांकडे बघत होता. कान लाल.

"दोन महिने होते तुझ्याकडे!" माझा आवाज चिरकला. "तोंड नव्हतं? टपालपेटीला बोलायला लावतोस?"

"बोललो तरी चुकतो, लिहिलं तरी चुकतो. पण लिहिलेलं तू दुरुस्त करतेस…"

"आणि शिकागो?"

"तिथे टपालपेटी लावता येत असेल ना? ही उपटून आणतो. झाडं भाऊ बघेल."

मूर्ख माणूस. मी त्याच्या हातातला ब्रश हिसकावला. अंगठ्याने तीन अक्षरं पुसली. वाय परत लिहिला. मग एस… ब्रश उचलला, आणि रंगाचा एक थेंब पडला. वाय आणि एसच्या मधोमध. नेमका वर.

वेस्लीने फडकं पुढे केलं.

"राहू दे," मी म्हणाले. "शोभेला."