सीलकन्येचं कातडं

छापखान्यात शिरले तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. टेबलावर आमच्या पुस्तकाचं शेवटचं चित्र पसरलेलं, आणि शेजारी एक दाढीवाला निवांत सफरचंद खात बसलेला.

"हे काढणारा गाढव कुठे भेटेल?" मी विचारलं.

"का? काय केलं त्याने?"

"काय केलं? सीलकन्या किनाऱ्यावर येऊन सीलचं कातडं उतरवते, बाई होऊन नाचते. कोळी ते चोरतो, लपवतो आणि तिच्याशी लग्न करतो. सात वर्षांनी तिला कातडं सापडतं, ती समुद्रात परत जाते. आणि या महाशयांची बाई चुलीपाशी बसून चोराकडे बघून हसतेय!"

त्याचे कान लाल झाले. "शेवटचं पान मला मिळालंच नाही... संपादकबाई फोनवर म्हणाल्या, मुलांचं पुस्तक आहे, शेवट गोड करा. गाढव मीच."

म्हणजे हाच तो! दीड वर्ष माझा मजकूर आणि याची चित्रं संपादकबाईंच्या हातून इकडून तिकडे जात होती. आम्ही एकमेकांचं तोंडही पाहिलं नव्हतं. त्याच्या लाटांवर माझा जीव जडला होता, खोटं कशाला बोलू? म्हणून तर जास्त चीड आली.

"माझी भाची सहा वर्षांची आहे. आपलं चोरलं तरी गोड हसावं, हे शिकायचं तिने?"

चारला छपाई सुरू होणार होती, दोन वाजले होते. त्याने बाह्या सरसावल्या, कोरा कागद ओढला. मी कोट काढून थांबले... फक्त लक्ष ठेवायला!

"कोळ्याने स्वतःच परत दिलं तर?" त्याने हळूच विचारलं.

"मुळीच नाही! त्याला फुकटचा मोठेपणा कशाला? तिने शोधलंय."

"बरं. लाट धरा जरा." कागदाचा कोपरा धरताना निळा रंग माझ्या अंगठ्याला लागला. त्याने पाहिलं — मी पुसला नाही.

चारला दहा मिनिटं कमी असताना चित्र झालं. पाठमोरी ती, खांद्यावर कातडं, समोर अख्खा समुद्र.

मी कोट शोधू लागले. त्याने घाईघाईने आपल्या कागदांखालून तो ओढून काढला.

"हा घ्या. लपवला नव्हता, शपथ! दार तिकडे आहे. पण... चहाला थांबलात तर मला फार आवडेल."

राग अजून गेला नव्हता. मी कोट घातला, गळ्यापर्यंत बटणं लावली आणि त्याच्यासमोर बसले.

"साखर कमी," मी म्हणाले.