दुपारच्या पाण्याचा रंग

"तुम्ही हे आभाळाला का दाखवताय?"

मी विचारलं आणि टाकीपाशी उकिडवा बसलेला तो माणूस दचकला. हातातली बोटभर काचेची नळी निसटता निसटता वाचली.

"आभाळाला नाही... उजेडात धरलीय. रंग नीट दिसतो."

"कसला रंग?"

नळीतलं पाणी गुलाबी होतं. अगदी फिकट, बाळाच्या नखासारखं.

"यात एक गोळी टाकली की क्लोरीनचं पाणी गुलाबी होतं. क्लोरीन नसेल तर जसंच्या तसं राहतं."

"आणि जास्त असेल तर?"

"गडद होतं."

"गडद पाणी प्यायलं तर?"

"तोंड वाकडं होतं."

"आणि हे फिकट? हे चांगलं का?"

"चांगलं."

"चांगलं म्हणजे... चार वर्षांच्या मुलीलाही चांगलं?"

तेव्हा त्याने पहिल्यांदा नीट वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग माझ्या कडेवर बसून त्याच्या नळीकडे हात लांबवणाऱ्या चिंगीकडे. त्याच्या कानावर पेन्सिल होती आणि हातांना पोहण्याच्या तलावासारखा वास.

"तुम्ही काय करता?" त्याने विचारलं.

"सध्या? सध्या रांगेत उभी असते."

तो हसला. हसताना आधी डोळे हसले आणि मग, थोडं मागून, ओठ. हे माझ्या लक्षात का राहिलं, कोण जाणे.

नदी आमच्या गल्लीत शिरली त्याला तेव्हा तीन दिवस झाले होते. बोटीतून आम्हा तिघींना क्रीडासंकुलाच्या छावणीत आणून सोडलं होतं. सासूबाई, मी आणि चिंगी. चिंगीचे बाबा जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून आम्ही तिघीच. आमचा मुक्काम तिसऱ्या बॅडमिंटन कोर्टच्या डाव्या अर्ध्यात. नेटच्या खांबांना दोरी बांधून चादरी टाकल्या होत्या आणि जमिनीवरची पांढरी रेघ हीच भिंत. शेजारच्या काकूंचा पाय झोपेत रेघेच्या अलीकडे आला की सासूबाई पडल्या पडल्या म्हणायच्या, "आउट!"

त्यांना हसू येत होतं. मला येत नव्हतं. चिंगी दहा महिन्यांची असताना तिला जुलाब लागले होते. चार दिवस सलाईन... एवढुशा हाताला फळी बांधलेली, आणि डोळे खोल गेलेले. ते डोळे मी विसरलेले नाही. त्यामुळे छावणीत मला घराची काळजी नव्हती, कपाटाची नव्हती, कागदपत्रांचीही नव्हती. मला काळजी होती पाण्याची. चिंगीच्या पोटात जाणाऱ्या प्रत्येक घोटाची.

शेगड्या चार आणि माणसं चारशे. पाणी उकळायची पाळी दिवसातून एकदा यायची. मी तेवढंच पाणी चिंगीला पुरवून पुरवून द्यायची आणि रोज सकाळी आठ वाजता टाकीपाशी जाऊन उभी राहायची.

"आज गोळी विरघळायला वेळ का लागला?"

"थंडी आहे."

"ही टाकी कोण धुतं?"

"मी."

"आतून?"

"बाहेरून धुऊन काय उपयोग?" तो म्हणायचा. मग कानावरची पेन्सिल काढून वहीच्या कोपऱ्यात रेघा ओढायचा. "सात झाले. काल अकरा प्रश्न होते. आज बरं नाही का तुम्हाला?"

"तुम्ही मोजता?"

"माझं कामच मोजायचं आहे."

मी रागावल्यासारखं केलं आणि वळले. वळल्यावर मात्र... असो.

सासूबाईंची नजर तयार. त्यांनी चौथ्या-पाचव्या दिवशीच विषय काढला.

"तो नळीवाला सगळ्या बायकांना ताई म्हणतो."

"हं."

"मलासुद्धा ताई म्हणाला परवा. या वयात."

"मग?"

"तुला नाही म्हणत. तुला 'अहो... ते...' म्हणतो. का गं?"

"मला काय माहीत, आई?"

"मलाही माहीत नाही," सासूबाई म्हणाल्या आणि चादर डोक्यावर ओढून घेतली. "सहज विचारलं."

नवव्या दिवशी माझी शेगडीची पाळी हुकली. आदल्याच दिवशी पलीकडच्या काठावरची दोनशे माणसं आली होती, सगळीकडे नुसती दाटी. भर दुपारी चिंगी पाणी पाणी करायला लागली. उकळलेला थेंब शिल्लक नव्हता. मी नळापाशी गेले आणि घुटमळले. तेवढ्यात तो खांद्यावर पाईपची वेटोळी घेऊन समोरून आला.

"आत्ता भरलं तर... चालेल?"

"बिनधास्त भरा. सकाळीच तपासलंय." आणि तो हसला. आधी डोळे, मग ओठ.

मी भरलं आणि तसंच तिला पाजलं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता चिंगीला जुलाब सुरू झाले.

दवाखान्याच्या खोलीतल्या सिस्टरनी जलसंजीवनीचं पाकीट दिलं. "दर पाच मिनिटांनी दोन चमचे. घाबरू नका. कालपासून पाच मुलं आलीत अशी." मी दोन-दोन चमचे मोजून पाजू लागले. एकच गोष्ट आतून कुरतडत होती. तीन वर्षं जे पाणी मी डोळ्यात तेल घालून जपलं, ते एका परक्या माणसाच्या हसण्यावर विसंबून मी माझ्या लेकीला दिलं.

तो आला. दारातच थांबला.

"तुम्ही म्हणालात भरा," मी म्हटलं.

"हो."

"मग हे काय?"

"मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणायला लाज नाही वाटत?"

"वाटते." त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "पण आत्ता काहीतरी ठोकून दिलं तर उद्या आणखी एखादं पोर इथे येईल."

मी तोंड फिरवलं. पण ते "माहीत नाही" माझ्या डोक्यात शिरून बसलं. खरंच... का? काल सकाळी मी स्वतः तो गुलाबी रंग पाहिला होता. मग सकाळ आणि दुपार यांच्यामध्ये घडलं काय?

चिंगीला जरा डोळा लागल्यावर चमचा सासूबाईंच्या हाती दिला, एक कागद घेतला आणि उरलेल्या मुलांच्या आयांकडे गेले. "पाणी कधी भरलं होतं?" पहिली म्हणाली, जेवण झाल्यावर. दुसरी, दुपारी. तिसरी, ऊन कलल्यावर. एकीनेही सकाळ सांगितली नाही. उलट रेघेपलीकडच्या काकूंनी त्याच नळाचं पाणी सकाळी भरलं होतं आणि त्यांची तिन्ही नातवंडं कोर्टभर हुंदडत होती.

मी कागद त्याच्या पुढ्यात धरला. "तुम्ही दुपारी तपासता?"

"नाही. टँकर सकाळी येतो. क्लोरीनचं औषध टाकतो, अर्धा तास थांबतो, आठला तपासतो."

"आणि दुपारी टँकर येत नाही?"

त्याने वहीचं मागचं पान उलटलं.

"परवापासून... येतो. माणसं वाढली म्हणून."

"त्यात औषध कोण टाकतं?"

तो धावतच सुटला. मीही मागे धावले. दुपारचा टँकर नुकताच टाकीत रिकामा होत होता. त्याने नळी भरली, गोळी टाकली आणि उजेडात धरली. आम्ही दोघं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बघत राहिलो. मी जन्मात कुठल्या रंगाची इतकी वाट पाहिली नव्हती. गोळी फिरली, विरघळली, संपली. पाणी मात्र जसंच्या तसं.

"चुकलो," तो हळूच म्हणाला.

मग त्याने नळ बंद केला, टाकीवरच्या फळ्यावरचं 'पाणी पिण्यायोग्य आहे' पुसलं आणि खडूने मोठ्या अक्षरांत लिहिलं— 'दुपारी भरलेलं पाणी ओतून द्या. दोन दिवस ते न तपासता दिलं गेलं. चूक माझी.' आणि खाली सही.

छावणीचे साहेब तरातरा आले. "पुसा हे! लोक घाबरतील."

"घाबरू देत, साहेब. पाणी ओतून तरी देतील."

लोक जमले. नाही नाही ते बोलले. एका आजोबांनी तर काठी उगारली. तो हलला नाही, दोष दुसऱ्या कुणावर ढकललाही नाही. ज्याची त्याची भांडी स्वतः ओतत, नव्याने औषध टाकून तपासलेलं पाणी भरून देत संध्याकाळपर्यंत फिरत राहिला. आमच्या कोर्टवर आला तेव्हा चिंगीने डोळे उघडून खायला मागितलं होतं. त्याने ते ऐकलं, आणि कळशी ठेवून घाईघाईने निघून गेला. पाठमोरा असताना त्याने बाहीने डोळे पुसले. मी पाहिलं. मी सगळं पाहते.

"काय माणूस आहे," मी पुटपुटले.

"चूक झाली म्हणणारा पुरुष," सासूबाई म्हणाल्या, "मी या वयात पहिल्यांदा पाहिला. आमच्या घराण्यात तर नव्हताच."

दोन दिवसांनी त्याची बदली झाली, नदीच्या खालच्या अंगाच्या छावणीत. शिक्षा म्हणून की गरज म्हणून, ते साहेबच जाणोत. जाताना नळी, रंग जुळवून क्लोरीनचा आकडा सांगणारी पट्टी आणि गोळ्यांची डबी त्याने माझ्या हातात ठेवली.

"दुपारच्या तपासणीला तुमचं नाव दिलंय. कॉलेजात रसायनशास्त्र होतं म्हणालात ना?"

"म्हणून?"

"म्हणून नाही. इथे प्रश्न विचारणारं माणूस हवं." त्याने कानावरची पेन्सिल काढली आणि परत ठेवली. "चार वाजता मला आकडा कळवाल? म्हणजे... नियम म्हणून."

"असा नियम आहे?"

"आजपासून आहे."

मी फोन करायला लागले. रोज चार वाजता. "शून्य पॉइंट पाच," मी सांगायची. "छान," तो म्हणायचा. मग तिकडचं पाणी किती गढूळ आहे ते सांगायचा, पंप कसा रुसून बसतो ते सांगायचा. मी विचारायची, तुम्ही जेवता कुठे, शिजवतं कोण, रात्री पाय दुखतात का, घरी कोण असतं. आई होती, गेली. लग्न? राहून गेलं... कशामुळे? "विचारणारं कुणी भेटलं नाही," तो म्हणाला.

"एका आकड्याला पाऊण तास लागतो होय गं?" चादरीआडून सासूबाई.

"रेंज नाही, आई."

"हो का. मग हसत कुणाशी होतीस?"

सासूबाई चिंगीची वेणी घालता घालता सावकाश म्हणाल्या, "माझा मुलगा होता तेव्हा तू अशीच हसायचीस. तीन वर्षांत ऐकलं नव्हतं." आणि त्यांनी वेणी दोनदा सोडून पुन्हा घातली.

पूर ओसरला. छावणी उठायच्या दिवशी टाकी रिकामी करायला तो परत आला. पूर्वीपेक्षा काळवंडलेला, दाढी वाढलेली. मला पाहिलं आणि पाईप हातातच राहिला. बोलायला मात्र वेळ नव्हता. फाटकाशी नुकसानीचे दाखले देत होते. घर सासूबाईंच्या नावावर, म्हणजे त्यांचा अंगठा, आणि अर्ज माझा, म्हणजे माझी सही. दोघींनाही जावं लागणार होतं. रांग पार रस्त्यापर्यंत, वर ऊन, आणि चिंगीला ढकलाढकलीत न्यायचं म्हणजे... सासूबाई पुढे जाऊन नंबर धरून उभ्याही राहिल्या.

मी चिंगीला घेऊन त्याच्यापाशी गेले. जन्मल्यापासून मी तिला घरच्यांशिवाय कुणापाशी ठेवलेलं नव्हतं.

"हिला सांभाळाल?"

"मी?" त्याने पाईप खाली ठेवला. हात पँटला पुसले. "किती वेळ?"

"माहीत नाही. दोन तास, तीन तास."

"आणि तिला भूक लागली तर? तहान लागली तर... मी काय देऊ?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते," मी म्हटलं.

त्याने हात पुन्हा एकदा पँटला पुसले. मी काय म्हणाले ते त्याला कळलं होतं. मलाही तोंडातून निघून गेल्यावरच कळलं. चिंगीला मी त्याच्या हातात दिलं. ती लगेच त्याच्या कानावरच्या पेन्सिलीला लटकली.

मी चालू लागले. मागे वळून बघायचं नाही असं ठरवलं होतं. पंधरा पावलं जमलं. वीसही. फाटकाशी मात्र राहवलं नाही. वळलेच.

तो एकटक माझ्याकडे बघत होता. आणि चिंगी त्याच्या कडेवरून लोंबकळत ओल्या पाईपच्या तोंडाला तोंड लावायच्या बेतात!

"माझ्याकडे काय बघताय?" मी जीव खाऊन ओरडले. "तिच्याकडे बघा!"

त्याने पाईप पायाने लांब उडवला, चिंगीला घट्ट धरलं आणि तिथूनच ओरडला, "दोघींकडे बघणार आहे! चालेल?"

सगळी रांग वळली. आजोबा काठीसकट वळले. दाखले देणाऱ्या कारकुनाचा शिक्का हवेतच राहिला. माझे कान इतके तापले की काही सुचेना.

"अगं, उत्तर दे त्याला," पुढून सासूबाई खेकसल्या. "सगळी रांग अडवून ठेवलीस."

"चालेल!" मी म्हटलं.