मधोमधचा ठिपका

प्राध्यापिकेने प्रचाराचं पत्रक टेबलावर आपटलं. "हे माझ्या अभ्यासातून चोरलंय. यातले प्रश्न शब्दन्‌शब्द माझे आहेत!"

शोधाचं काम करणाऱ्या वकीलबाईंनी मथळा वाचला : 'आधी बसभाडं उतरवू!' त्यांचे जोडीदार मास्तर चक्रावले. "बसभाड्यात अभ्यास कसला?"

प्राध्यापिकेने समजावलं. नऊशे माणसं, चाळीस प्रश्न. प्रत्येक मत म्हणजे एक ठिपका. जी मतं एकाच माणसात सोबत आढळतात, त्यांच्यात रेघ. सगळ्यात जास्त रेघा ज्या मधल्या ठिपक्यापाशी मिळतात, त्यावर माणसाचा अख्खा राजकीय कल उभा असतो.

"ही उत्तरं कुठल्याही पक्षाला देणार नाही, असा शब्द दिला होता मी त्या लोकांना."

"संशय कुणावर?"

"माझ्या मदतनीस बाईंवर. कालच कामावरून काढलं त्यांना."

वकीलबाई आणि मास्तर मदतनीस बाईंच्या घरी गेले, तेव्हा त्या दारातच बोलल्या. "मला ठिपक्यांचा नकाशा मंगळवारी मिळाला. मधोमध दवाखाना होता. बसभाडं पार कडेला."

"बरोबर आहे," दोघांनी घरी येऊन विचारल्यावर प्राध्यापिका म्हणाली. "रविवारी घरी आकृती काढताना दोन रकान्यांची अदलाबदल झाली होती. सोमवारी चूक दिसली, तो कागद मी फाडून टाकला. कुणाला दाखवलाही नव्हता."

तिचा धाकटा भाऊ घटस्फोटानंतर तिच्याकडेच राहायचा. तो हसला. "मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. बसभाडं मधोमध काय नि दवाखाना काय, सारखंच!"

वकीलबाईंनी त्याच्यासमोर खुर्ची ओढली.

"मदतनीस बाईंनी चोरी केली असती, तर पत्रकावर दवाखाना आला असता. चोराने रविवारचा चुकलेला कागद विकला. तो फक्त या घरात होता. आणि बसभाडं मधोमध होतं, हे पत्रकात कुठेही छापलेलं नाही, इथे कुणी बोललंही नाही. तुम्हाला कसं ठाऊक?"

"म्हणजे चोराच्या हाती चूकच लागली!" मास्तर उद्गारले.

भावाचं हसू मावळलं. "त्या कागदाचा फोटो काढला. पक्षाच्या कचेरीत नोकरी देतो म्हणाले." मग तो बहिणीकडे वळला. "नऊशे जणांना विचारलंस, तुम्हाला काय वाटतं. मला दोन वर्षांत एकदा तरी विचारलंस, ताई?"

त्याचं बोलणं खरं होतं. विश्वासघातही खराच होता. एक पुढे करून दुसरं झाकता येत नव्हतं.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "पण तू ज्यांची मतं विकलीस, त्या नऊशे जणांनी तुझं काय बिघडवलं होतं?"

तिने चपला घातल्या आणि मदतनीस बाईंची माफी मागायला एकटीच बाहेर पडली.